चाळीस पावलं मागे

मैत्री आणि निशांत,

रविवारी संध्याकाळी तुमच्या आईला मी फोनवर इतकंच सांगितलं की सात किलोमीटर चालले, गुडघा ठीक आहे आणि गरम पाण्यात पाय बुडवून बसले आहे. ती रागावली, गोळी घ्यायला लावली आणि मगच तिने फोन ठेवला. बाकीचं मी तिला सांगितलं नाही. ते इथे लिहिते आहे, आणि ते आत्ताच लिहायला हवं. एकतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवताना मी मुलांचे निबंध तपासले. पाहिलेल्या गोष्टीवर आठवड्याभरात शोभेची भर कशी पडते, ते मला चांगलं ठाऊक आहे. आज बुधवार आहे. अजून माझ्याकडे जे आहे ते घडलं तसंच आहे.

दुसरं कारण निशांतचं. आजोबांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी तू व्हिडिओवर विचारलंस, आजोबा त्या डोंगरातल्या शर्यतीत कितवे यायचे? घरात माणसं होती, वंदना नुकतीच संपली होती, मी उत्तर दिलं नाही. उत्तर असं की ते दर वर्षी शेवटचे यायचे. तेच त्यांचं काम होतं.

यापुढचं मी त्यांच्याशी बोलणार आहे. तुम्ही शेजारी बसून ऐकताय असं समजा. चारचौघांत मी त्यांना अहो म्हणायचे, ते तुम्ही ऐकलं आहे. घरात दार लावलं की तू. इथे घरातलंच लिहिते.

जयवंत, तुला जाऊन पाच आठवडे झाले. तुझे धावायचे बूट अजून चपलांच्या कप्प्यात आहेत. डाव्या बुटाची टाच बाहेरच्या बाजूने झिजलेली आहे. ते कुणाला द्यावेत तर झीज तुझ्या पायाची आहे, दुसऱ्याला त्याचा त्रासच होईल. म्हणून राहिले आहेत. मला तू आठवतोस असं म्हणवत नाही, कारण आठवायला आधी विसरावं लागतं. सकाळी सहाला दोन कप चहा टाकते, मग एक झाकून ठेवते आणि आठला तोच गरम करून पिते. एवढंच बदललं आहे.

तुला डॉक्टरांनी चालायला सांगितलं तेव्हा तू अठ्ठावन्न वर्षांचा होतास. आकुर्डीतल्या कारखान्याच्या टूलरूममध्ये आयुष्य उभं राहून काढलेला माणूस. तू चालण्याऐवजी धावायला लागलास आणि मी हसले. पहिल्या दिवशी तू सोसायटीच्या फाटकापासून रिक्षा स्टँडपर्यंत जाऊन परत आलास आणि जिन्यात बसलास. मी वरून विचारलं, काय साहेब, लिफ्ट पाठवू का? तू हात वर करून थांब म्हणालास, आणि दोन वर्षांनी डोंगरातले एकवीस किलोमीटर पुरे करून त्याच जिन्यात बसलास. त्या दिवशी मी खाली पाणी घेऊन आले होते. ते तू कधी बोलून दाखवलं नाहीस, पण तुला आवडलं होतं.

मग तुमचा रविवारचा गट झाला. काही निवृत्त, काही अजून शिफ्ट करणारे, सगळे कंपन्यांतले. दर हिवाळ्यात कुरुळीच्या शाळेच्या मैदानातून तुमची अर्ध मॅरेथॉन सुटायला लागली. शेतातून डोंगराच्या पायथ्याशी, तिथून वळसा घालून जाखाईच्या खिंडीत, आणि पलीकडून उतरून परत मैदानात. तिथे पक्का रस्ता नाही, म्हणून वाट दाखवायला झाडांना पिवळ्या कापडाच्या फिती बांधायच्या. आणि सगळ्यात मागे एक माणूस ठेवायचा, त्याला तुम्ही शेपूट म्हणायचात. शेपटाने शेवटच्या धावणाऱ्याच्या मागे राहायचं, त्याला कधी ओलांडायचं नाही, आणि येता येता एकेक फीत सोडून पिशवीत टाकायची. म्हणजे डोंगरावर आपलं काही उरत नाही आणि मागे माणूसही उरत नाही. पहिल्या वर्षीपासून ते काम तू घेतलंस.

फिती मी केल्या. पिवळं सुती कापड आणलं, एकशे वीस पट्ट्या कापल्या, कडा सुटू नयेत म्हणून मशीनवर दुमडून शिवल्या, आणि प्रत्येकीवर मार्करने नंबर घातला. तू म्हणालास, झाडाला काय हजेरी लावायची आहे? पण नंबर होते म्हणूनच किती गेल्या आणि किती आल्या ते कळायचं. बांधायच्या सुरगाठीने, एक टोक ओढलं की सुटेल अशा. सोडलेली फीत तू दोन बोटांना गुंडाळून तिची गुंडी करायचास आणि शेवट आत खोचायचास. दर वर्षी एकशे वीस गुंड्या माझ्यासमोर टेबलावर ओतायचास आणि म्हणायचास, मोजा बाई. मी शाळेत शिकवायचे म्हणून लग्नापासून मी तुझी बाई.

चाळीस पावलांचा नियमही तुझा. शेवटच्या माणसाला मागे कुणीतरी आहे हे कळावं, पण कुणी पाठलाग करतंय असं वाटू नये. तू म्हणायचास, तीस पावलांवर माणूस घाबरतो आणि पन्नास पावलांवर एकटा पडतो. मी विचारलं, हे मोजलं कुणी? तू म्हणालास, मंदाने.

मंदा कुरुळीची. चाकणच्या एका कंपनीत पॅकिंगच्या लाइनवर काम करते. तीन वर्षं ती आपल्या शर्यतीत पळते आणि तीनही वर्षं शेवटची आली. पहिल्या वर्षी ती साध्या कॅनव्हासच्या बुटांत, पंजाबी ड्रेसवर आली होती. सुरुवातीला तू तिच्या फार जवळून चाललास, तेव्हा तिने वळून सांगितलं होतं, काका, जरा लांबून या, मला म्हशीसारखं हाकलतायसं वाटतंय. तू ही गोष्ट घरी येऊन दोनदा सांगितलीस आणि दोन्ही वेळा हसलास.

आता गेल्या वर्षीचं. मला त्याबद्दल बोलायचं आहे, आणि तू असताना मी बोलले नाही.

गेल्या वर्षी तू टेबलावर गुंड्या ओतल्यास आणि मी मोजल्या तर एकशे एकोणीस. पुन्हा मोजल्या. मग नंबरवार लावल्या. सत्त्याण्णव नव्हती. तू खुर्चीत बसून बूट काढत होतास. म्हणालास, ती खिंडीत आहे. जाखाईपाशी दोन वाटा फुटतात तिथे बोरीचं झाड आहे, त्याच्या आतल्या फांदीला. मी राहू दिली.

"राहू दिली म्हणजे?"

"असू दे तिथे. कुणाला लागेल."

मी म्हटलं, शर्यत संपली, आता कुणाला लागणार? आपण परवानगीच्या अर्जात लिहून दिलं आहे की डोंगरावर काही ठेवणार नाही. नियम सगळ्यांना सारखा. तू दुसरा बूट काढायला वाकलास. मला वाटलं, तू विसरलास आणि आता सावरून घेतोयस. वय झालं हे कबूल करायचं नाही म्हणून गोष्ट रचतोयस. मी माझ्या वहीत लाल पेनाने लिहिलं, 'एक कमी. हलगर्जीपणा.' आणि वही तशीच उघडी ठेवली, तुला दिसेल अशी.

तू ते वाचलंस. टूलरूममध्ये चौतीस वर्षं केसाएवढ्या फरकावर काम करणाऱ्या माणसाने तो शब्द वाचला. रात्रीचं जेवण झालं. ताट उचलताना म्हणालास, "तो शब्द खोड, बाई. बाकी काही लिही."

मी खोडला नाही. आधी रागाने, मग आळसाने, मग ते मागे पडलं म्हणून. वर्षभर वही फडताळात होती. तू पुन्हा विषय काढला नाहीस. फक्त दोन-तीनदा म्हणालास, एकदा वर ये माझ्याबरोबर, खिंड दाखवतो. मी म्हटलं गुडघे. दर शर्यतीला मी चौदाव्या किलोमीटरवर टेबल मांडून नंबर टिपायला बसायचे, पण त्याच्यापुढे एकदाही गेले नव्हते.

यंदा शर्यत रद्द करावी असं काहींचं म्हणणं होतं. मीच नको म्हटलं. गटाचं सगळं बघणारा दिनेश घरी आला, बराच वेळ पाणी पीत बसला आणि म्हणाला, काकू, शेपूट यंदा नको. काकांच्या जागी कुणाला उभं करायला मन होत नाही. फिती पुढच्या रविवारी पोरं जाऊन काढून आणतील. मला ते पटलं नाही, पण मी मान हलवली. मी तेव्हा सगळ्यालाच मान हलवत होते. फिती एकशे एकोणीसच होत्या. सत्त्याण्णव मी नवी शिवली नव्हती, तुला आठवण राहावी म्हणून. असा माझा स्वभाव.

रविवारी सकाळी सुटण्याआधी दिनेशने माइकवर सांगितलं की यंदा मागे कुणी असणार नाही, जोडीजोडीने राहा. माणसं एक मिनिट उभी राहिली. मग सुटली. मला गाडीने चौदाव्या किलोमीटरपाशी सोडलं. धुकं होतं. आपल्याकडचं धुकं तुला माहीत आहे, नुसतं पांढरं नसतं, त्याला जळक्या रबराचा किंचित वास असतो. डोंगर दिसत नव्हता. खाली कुठल्या तरी कारखान्यात रविवारीही पत्रा ठोकणारा प्रेस चालू होता, त्याचा धप् धप् आवाज हवेतून कमी आणि जमिनीतून जास्त येत होता. टेबलावरचा पेला त्या ठोक्यावर थरथरत होता.

एकेक जण धुक्यातून यायचा, पाणी प्यायचा आणि धुक्यात जायचा. मी नंबर टिपत होते. शेवटी मंदा आली. यंदा तिच्या पायात बरे बूट होते. तिने मला पाहिलं, डोळे भरून आले. पाणी प्यायली, माझ्या हाताला हात लावला आणि वर गेली. मी तिच्या नंबरावर खूण केली आणि नेहमीच्या सवयीने वाटेकडे पाहिलं.

तिच्यानंतर तू यायचास. पिशवी खांद्याला, हात वर करून, झालं, बंद करा दुकान, म्हणत. वाट मोकळी होती. मोकळी वाट मी आयुष्यात खूप पाहिली आहे, पण ती वाट चुकीची दिसत होती, जसं एखादं वाक्य क्रियापदावाचून संपतं. टेबलापाशी माझ्याबरोबर दोन जण होते, ते पाण्याचे डबे गाडीत चढवत होते. मी वही आणायला तुझीच पिशवी आणली होती. ती रिकामी केली, खांद्याला लावली आणि त्यांना सांगितलं, मी जरा पुढे जाऊन येते. त्यांना वाटलं, आडोशाला जाते आहे. मी वाटेला लागले तेव्हा मंदाची पावलं पुढे वाजत होती. ती दिसत नव्हती. मी आवाजावरून अंदाज केला, चाळीस पावलं.

तिला मागे कुणी आहे हे सांगायला हवं होतं. हाक मारायला हवी होती. पण तू हाक मारत नसायचास.

पहिल्या झाडापाशी मी थांबले. एक्क्याऐंशी नंबरची फीत तिथे हवी होती. नव्हती. मला वाटलं बांधायची राहिली असेल. पुढच्या झाडालाही नव्हती. तिसऱ्यालाही. वाट अजून स्पष्ट होती म्हणून मी चालत राहिले, पण पिशवी रिकामीच हलत होती आणि ते मला बरं वाटेना. पुढे मंदाची पावलं मध्येच थांबायची आणि मग एकदम भराभर वाजायची. मी थांबले की तीही थोडी सावकाश व्हायची.

मग वरून हाय टेन्शनच्या तारा गेल्या आहेत तिथे आले. धुक्यात तारा दिसत नाहीत, पण गुणगुणतात. डोक्यावर कुणीतरी ओठ मिटून एकच सूर धरून बसावं तसं. त्या तारांच्या पलीकडे गेल्यावर मला मागे पावलं ऐकू आली.

निशांत, मैत्री, हे नीट वाचा. आपल्या घरात भुतंखेतं मानत नाहीत. माझ्या वडिलांनी मानली नाहीत, आजोबांनी मानली नाहीत, आणि ती न मानणं आमच्यासाठी शिकण्याइतकंच मोठं होतं. मी आजही मानत नाही. मी फक्त ऐकलं ते लिहिते आहे.

जयवंत, पावलं मागून येत होती. डावं पाऊल उजव्यापेक्षा थोडं घासून. मी थांबले, तर तीही थांबली, पण अर्ध्या पावलाने उशिरा. मी वळून पाहिलं. पंधरा फुटांवर धुक्याची भिंत होती आणि भिंतीत काही नव्हतं. मी वर्गात वापरायचे त्या आवाजात, इंग्रजीत विचारलं, कोण आहे तिकडे. त्या आवाजाने चाळीस पोरं गप्प बसायची. तारा गुणगुणत होत्या. खालून प्रेसचा ठोका येत होता. मी चालायला लागले. ती चालायला लागली. मोजायचं नाही असं ठरवून मी मोजलं. जवळ येत नव्हती, लांब जात नव्हती.

मला भीती वाटली का? वाटली. पण त्या भीतीत एक सवयीचं काहीतरी होतं. पंचेचाळीस वर्षं मी बाजारात पुढे आणि तू पिशव्या घेऊन मागे, असंच चाललो की आपण.

असे तीनेक किलोमीटर गेले असतील. पुढची मंदाची पावलं केव्हा तरी ऐकू यायची बंद झाली, ती फार पुढे गेली होती. चढ संपला आणि जाखाईपाशी आले. शेंदूर लावलेले चार दगड, एक झाड, झाडाला बायकांनी नवसाच्या बांधलेल्या जुन्या चिंध्या. तिथे दोन वाटा फुटत होत्या. फीत नव्हती. डावीकडची वाट रुंद होती, दोन चाकांच्या खुणा असलेली, पायाला सोपी. उजवीकडची झुडपात शिरणारी, शेळ्यांची असावी अशी. मी नीट विचार केला. एकशे दहा माणसं इथून पळाली आहेत, म्हणजे रुंद वाटच असणार. मी डावीकडे वळले.

आठ-दहा पावलं गेले असेन. काहीतरी बिघडलं आहे असं वाटलं, पण काय ते कळेना. मग कळलं. मागे काही वाजत नव्हतं.

मी थांबले. अर्ध्या पावलाचा तो उशीर आला नाही. पावलं त्या फाट्यापाशीच थांबली होती. माझ्यामागे ती या वाटेला आलीच नव्हती. प्रेसही नेमका थांबला होता, कदाचित चहाची सुट्टी झाली असेल. इतकी शांतता मी आपल्या भागात कधी ऐकली नाही. मी तशीच उभी राहिले, आणि खरं सांगते, मी एकटी पडले. पन्नास पावलांवर माणूस एकटा पडतो म्हणायचास, ते हेच.

मी उलटी फिरले. फाट्यापाशी कुणी नव्हतं. उजव्या वाटेच्या तोंडाशी बोर होती. मी वाकून तिच्या आत पाहिलं. काटे बाजूला केले, मनगटावर दोन ओरखडे उठले, ते अजून आहेत. आतल्या फांदीला एक फीत होती. पिवळी राहिली नव्हती, वाळलेल्या गवताच्या रंगाची झाली होती. पण कडेची शिलाई माझी होती. नंबराची शाई फिकी पडली होती, तरी नऊ आणि सात ओळखता येत होते. बाहेरून जाणाऱ्याला ती दिसली नसती. ज्याला वाट कळत नाही आणि जो तिथे थांबून शोधतो, त्यालाच दिसेल अशी बांधली होतीस.

आणि गाठ. मी सवयीने टोक ओढलं. सुटली नाही. तू निरगाठ मारली होतीस. एकशे एकोणीस सुरगाठी आणि ही एक निरगाठ. विसरलेल्या फितीला निरगाठ कशी असेल, जयवंत? तू तीच फीत मुद्दाम सोडून पुन्हा घट्ट बांधली होतीस. हे मला वर्षभर कळलं नाही, कारण मी टेबलापाशी बसून होते.

मी उजव्या वाटेने उतरले. मागे पावलं पुन्हा आली की नाही, ते मला सांगता येत नाही. उतारावर दगड निसटत होते, माझाच आवाज फार होत होता. अर्ध्या उतारावर धुकं संपलं, अगदी चादर ओढून काढल्यासारखं, आणि खाली कंपन्यांच्या निळ्या छपरांची रांग उन्हात दिसली.

शेवटच्या पाण्याच्या टेबलापाशी मंदा बसली होती. ओढणी पुढे ओच्यासारखी धरलेली आणि तिच्यात पिवळ्या गुंड्या, तुझ्यासारख्याच, शेवट आत खोचलेल्या. तिने मला डोंगराकडून येताना पाहिलं आणि उभी राहिली. तोंड पांढरं पडलं.

"काकू, तुमी? मागं तुमी व्हता?"

मी हो म्हटलं. ती मटकन खाली बसली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. टेबलापासून पुढे गेल्यावर तिला मागे पावलं ऐकू आली. मागे कुणी नाही असं माइकवर सांगितलेलं. तिने ठरवलं की हे काकाच. तिच्या गावात सांगतात, माणसाचं काम मागे राहिलं तर तो त्या कामापाशी घुटमळतो, त्याला जाता येत नाही. फिती तर सगळ्या झाडांना तशाच. काका येणार, वाकून एकेक सोडणार, दर वर्षी हेच. तेव्हा तिने त्या स्वतःच सोडल्या.

"म्हनलं, कामच न्हाई ठेवायचं त्यांच्यासाठी. मोकळं व्हऊद्यात. किती दिस माझ्या मागं चालायचं त्यांनी."

ती घाबरली होती, तरी तिने एकही फीत मागे ठेवली नाही. नंतर मी मोजल्या, एकोणचाळीस. एक्क्याऐंशीपासून एकशे वीसपर्यंत, सत्त्याण्णव सोडून. मी तिला फाट्याचं सांगितलं, डावीकडे वळले होते तेही. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तेव्हा मला कळलं की ती रुंद वाट बंद पडलेल्या दगडखाणीवर जाते, वीस-पंचवीस पावलांवर कडा आहे, कुंपण नाही आणि खाली पाणी आहे. धुक्यात मला दिसलं नसतं.

"मी मारलं असतं की तुमाला," ती म्हणाली. "काकांना सोडवाया गेले अन् तुमालाच."

मी तिच्याशेजारी बसले. तिला सांगितलं की काकांनी गेल्या वर्षीच एक फीत तिथे ठेवली होती, तिने मला परत आणलं. मंदा म्हणाली, ती दिसली होती मला, पण जुनी चिंधी, म्हनलं नवसाची आसंल, जाखाईच्या वस्तूला हात न्हाई लावायचा. मग एकदम तिचा चेहरा बदलला. म्हणजे एक राहिली. एक काम राहिलं. काकू, चला, आत्ता जाऊन सोडू, मी येते तुमच्यासंगं. दिनेश तोवर आला होता. माझा पत्ता लागत नव्हता म्हणून तो मोटारसायकल घेऊन शोधत फिरत होता. त्याने आधी मला हात जोडले, मग मलाच झापलं, मग म्हणाला, मी पाच मिनिटांत जाऊन काढून आणतो, नियमाप्रमाणे काही राहायला नको.

दोघंही माझ्याकडे बघत होते. एकाला नियम हवा होता, तो माझाच. दुसरीला तुझी सुटका हवी होती. दोन्ही कारणं चांगली होती आणि दोन्हींनी फीत निघणार होती.

मी म्हटलं, राहू दे.

"आन् काका?" मंदाने विचारलं.

"काकांना घाई नाही."

मग तिने ओच्यातल्या गुंड्या तुझ्या पिशवीत ओतल्या आणि आम्ही दोघी शेवटचा किलोमीटर बरोबर चाललो. शेवटचं कोण आलं ते नीट सांगता येत नाही. वहीत मी दोघींची एकच वेळ लिहिली आहे. खाणीच्या वाटेवर काटेरी फांद्या टाकून ती बंद करायला मी दिनेशला सांगितलं, आणि त्याने त्याच दुपारी ते केलं.

मुलांनो, पावलांचं मला विचारू नका. मंदामागे मी होते, हे नक्की. माझ्यामागे कोण होतं हे मी पाहिलं नाही, आणि न पाहिलेल्यावर मी सही करत नाही. घरी येताना बसमधून उतरल्यावर फाटकापासून जिन्यापर्यंत मी कान देऊन चालले. काही वाजलं नाही. मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. रविवारी पहिल्यांदा मी एकच कप चहा टाकला. सोमवारी पुन्हा दोन.

जयवंत, वही मी काढली. तो शब्द खोडला. लाल पेनानेच, दोनदा, वाचता येणार नाही असा. 'एक कमी' हेही खोडलं आणि वर लिहिलं, 'एक जागेवर.' तू असताना लिहायला हवं होतं. तुझं बरोबर होतं, हे तुला तोंडावर सांगायची वेळ मी वर्षभर पुढे ढकलली, आणि ती फीत लागली तेव्हा माझ्याच उपयोगी पडली. त्याबद्दल तुझे आभार मानावेत की माफी मागावी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पुढच्या वर्षी शेपूट मंदा होणार आहे. चाळीस पावलं कशी मोजायची, ते तिला वेगळं शिकवावं लागणार नाही.

बूट कप्प्यात आहेत. पिशवीत एकोणचाळीस गुंड्या आहेत, बाकीच्या ऐंशी पोरं रविवारी आणतील. आणि जाखाईच्या खिंडीत, फाट्याच्या उजव्या हाताला, बोरीच्या आतल्या फांदीवर सत्त्याण्णव नंबरची फीत आहे. रंग उडाला आहे. गाठ घट्ट आहे.